पावसाळ्यातला जपानी उन्हाळा



आपल्याकडे खरीप आणि रब्बी असे दोन हंगाम. जपानमध्ये टीव्हीवरच्या चित्रमालिकांचे हंगाम चार. जानेवारीत हिवाळी, एप्रिलमध्ये वासंतिक, जुलैमध्ये उन्हाळी आणि ऑक्टोबरमध्ये शरदाचा. एकेक हंगाम बारा-तेरा आठवड्यांचा. आठवड्याला एक भाग दाखवायचा आणि हंगाम संपला की बहुतेक मालिकांनी जागा रिकामी करायची. मग नवी पेरणी. या चित्रमालिकांना ॲनिमे म्हणतात. हा शब्द 'ॲनिमेशन'चाच जपानी तोंडात आखूड झालेला अवतार आहे.

एका हंगामात पन्नासहून अधिक नव्या मालिका येतात. शाळा-कॉलेज, शेत, नोकरी सांभाळून एवढ्या कोणी पाहू शकत नाही. म्हणून क्रमवारी लागते. यंदा काय पाहावे, काय सोडावे, पहिले कोण आणि दुसरे कोण, यावर जगभर वाद झडतात. तसा तो वर्ध्यातही झडतो, माझ्याच घराच्या ओसरीवर. त्याबद्दल आज बोलायचे आहे.

मी चित्रकलेचा शिक्षक. शाळेतून निवृत्त झालो, पण रविवारी सकाळी घरी वर्ग भरतो. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट परीक्षांना बसणारी नववी-दहावीची मुले येतात, आणि ज्यांच्या परीक्षा कधीच्या संपल्या ती अकरावी-बारावीची, कॉलेजातली मुलेही सवयीने येतात. यांच्या वह्या मागून उघडायच्या असतात. पुढच्या पानांवर स्थिरचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन. मागच्या पानांवर टोकदार केसांची, मोठ्या डोळ्यांची माणसे. पुढची पाने माझ्यासाठी काढलेली असतात, मागची स्वतःसाठी. मागच्या पानांवरचे हात जास्त सुटे असतात, हे मला फार लवकर दिसले. मुलांना त्यापासून तोडण्यापेक्षा ती काय पाहतात ते आपणही पाहावे, असे मी ठरवले.

तसे पाहिले तर या चित्रांशी आपली ओळख जुनी आहे. १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी 'जंगल बुक' लागत असे. तो मोगली आपल्या सगळ्यांना आपलाच वाटला. गुलजारांचे शीर्षकगीत, शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज. पण चित्रे जपानी होती. निप्पॉन ॲनिमेशनने १९८९ साली काढलेली ती बावन्न भागांची मालिका. आणि गोष्टीतले रान कुठले? सिवनीचे. म्हणजे नागपूरच्या वर, आपल्या शेजारचे. आपल्याच बाजूचा साग जपानी माणसाने काढला, हिंदीत बोलला आणि आपण तो वर्ध्यात बसून पाहिला. पुढे २०१२ साली मुंबईच्या एका गरीब घरातल्या मुलाची 'सूरज : द रायझिंग स्टार' ही क्रिकेटची मालिका आली. तीही बेसबॉलवरच्या एका जुन्या जपानी गोष्टीचे रूपांतर. मधल्या काळात डोरेमॉन आणि शिनचॅन घरोघरी हिंदी बोलत होतेच. तेव्हा 'ही नवी खुळे कुठून आली' असे म्हणणाऱ्यांनी आपले बालपण तेवढे तपासून पाहावे.

आता क्रमवारीकडे येतो. ओसरीवर एक जुना फळा आहे. हंगामाच्या तिसऱ्या आठवड्यानंतर त्यावर पहिली यादी लागते आणि शेवटचा भाग झाला की पक्की यादी. सुरुवातीला मुले नुसते गुण द्यायची. दहापैकी नऊ, दहापैकी दहा, साडेनऊ. सगळ्याच मालिका गुणवत्ता यादीत! कारण विचारले की एकच शब्द, 'भारी'. मग मी दोन नियम केले. कारणाशिवाय क्रमांक नाही, आणि कारणात 'भारी' हा शब्द नाही. तिसरा नियम मुलांनीच केला. अर्धवट पीक तोलायचे नाही, म्हणजे ज्या मालिकेचा शेवट पुढच्या हंगामात आहे ती यादीत घ्यायची नाही.

क्रमांक लावण्याची खोड मला पोळ्याने लावली. आमच्या विदर्भात बैलपोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. लहान मुले लाकडाचे नंदी सजवून आणतात, त्यांना बक्षिसे असतात. आमच्या जिल्ह्यातले सिंदी रेल्वे तर मोठमोठ्या लाकडी नंदींसाठी प्रसिद्ध आहे. गल्लीतल्या, वॉर्डातल्या तान्ह्या पोळ्याला परीक्षक म्हणून चित्रकलेच्या मास्तरला हमखास बोलावतात. मी बरीच वर्षे हे काम केले. एका बाजूला विकतच्या झुलीचा, दिव्यांच्या माळांचा, बापाने हजारो रुपये खर्चून आणलेला नंदी. दुसऱ्या बाजूला वितीएवढा नंदी, त्याच्या शिंगांना चॉकलेटच्या चांद्या गुंडाळलेल्या, पाठीवर आईच्या फाटक्या साडीचा काठ. गर्दीचे डोळे पहिल्याकडे असतात. परीक्षकाने विचारायचे असते की यात पोराचा हात कुठे आहे. हा प्रश्न विचारला की क्रमांक बदलतात, आणि काही पालक वर्षभर बोलत नाहीत.

चित्रमालिका पाहतानाही मी हेच विचारतो. त्यासाठी मुलांना थोडे तंत्र सांगावे लागले. पडद्यावर सेकंदाला चोवीस चौकटी सरकतात. एवढी चित्रे काढायची तर स्टुडिओचे दिवाळे निघेल. म्हणून एकच चित्र दोन किंवा तीन चौकटी धरून ठेवतात. तीनांवर धरले तर सेकंदाला आठ चित्रांत काम भागते. शिवाय चेहरा तसाच ठेवून नुसते ओठ हलवायचे, माणूस स्थिर ठेवून मागचे दृश्य सरकवायचे. ओसामु तेझुका यांनी १९६३ साली 'ॲस्ट्रो बॉय' टीव्हीवर आणला तेव्हा दर आठवड्याला एक भाग देण्यासाठी असल्याच काटकसरीचा आधार घेतला. ती काटकसर पुढे शैली झाली. काटकसर वाईट नव्हे. चित्रे वाचवून ती कुठे खर्च केली, हे पाहायचे. एखादी मालिका सगळी चित्रे मारामारीवर उधळते. दुसरी एखादी मुलगी चहाचा कप खाली ठेवते त्या दोन सेकंदांवर खर्च करते.

आता २०२५ चा उन्हाळी हंगाम. जुलै ते सप्टेंबर. तिकडे उन्हाळा, इकडे आमचा पावसाळा. डवरणी, फवारणी, पोळा, गणपती, आणि शेवटचे भाग येईपर्यंत सोयाबीन काढायला आलेले. त्या सप्टेंबरात 'डीमन स्लेयर'चा 'इन्फिनिटी कॅसल' हा चित्रपटही भारतात लागला, मुले गटागटाने नागपूरला जाऊन आली आणि दोन रविवार दुसरे काही बोलली नाहीत. पण चित्रपट तो चित्रपट, तो फळ्यावर घेतला नाही.

मुलांच्या यादीत पहिला क्रमांक होता 'दानदादान'च्या दुसऱ्या पर्वाला. भुतांवर विश्वास असलेली एक मुलगी आणि परग्रहवासीयांवर विश्वास असलेला एक मुलगा. एकमेकांचे म्हणणे खोटे ठरवायला निघतात आणि दोघांचेही खरे निघते. कल्पना झकास. सायन्स सारू या स्टुडिओने रंग असे वापरले आहेत की मी काही चौकटी थांबवून मुलांना रंगसंगती शिकवली. पण शापित घराच्या प्रकरणानंतर एकावर एक इतके काही कोसळत राहते की श्वास घ्यायला जागा राहत नाही. मी पाचवा क्रमांक दिला. मुलांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी पुरणपोळीला नाके मुरडली.

'गाचियाकुता' ही दुसरी लाडकी मालिका. वरच्या वस्तीचा कचरा खालच्या दरीत फेकतात आणि त्यासोबत नको असलेली माणसेही. कचऱ्यातल्या वस्तूंना जीव लावणारा मुलगा तिचा नायक. विषय मला आवडला, पण तिचे चोवीस भाग डिसेंबरपर्यंत चालणार होते. मुलांच्याच नियमाने ती बाद झाली. नियम करणाराच सगळ्यात जास्त भांडला.

'द फ्रॅग्रंट फ्लॉवर ब्लूम्स विथ डिग्निटी' ही सरळ, सोज्ज्वळ गोष्ट. भिंतीला भिंत लागून दोन शाळा. एक कमी गुणांच्या मुलांची, दुसरी श्रीमंत घरच्या मुलींची. दिसायला राकट पण मनाने मऊ असा रिंतारो, त्याच्या आईवडिलांचे केकचे दुकान आणि तिथे मनापासून केक खायला येणारी काओरुको. यात खलनायक जवळपास नाहीच. काही गैरसमज झाला तर पात्रे चक्क बोलून तो मिटवतात! आपल्या टीव्ही मालिकांच्या लेखकांना हे तंत्र कोणी कळवावे. चौथा क्रमांक.

दुसऱ्या क्रमांकावर मी 'सिटी द ॲनिमेशन' ठेवली, आणि वर्गात ती कोणीच पूर्ण पाहिली नव्हती. एक गाव आणि त्यातली वेडीबागडी माणसे, एवढेच तिचे कथानक. केइइची अरावी यांच्या चित्रकथेवरून क्योतो ॲनिमेशनने ती काढली. रेषा जाड आणि सोपी, रंग सपाट, लहान मुलांच्या चित्रपुस्तकासारखे. पण त्या सपाट रंगांच्या मागे प्रत्येक खिडकीत कोणीतरी काहीतरी करत असते. एका भागात पडद्याचे तुकडे होतात आणि सगळ्यांच्या गोष्टी एकाच वेळी शेजारी शेजारी चालू राहतात. कुठे पाहावे ते आपण ठरवायचे. बैलबाजारात उभे राहिल्यासारखे वाटते.

हा स्टुडिओ मला आणखी एका कारणाने आठवतो. १८ जुलै २०१९ रोजी एका माणसाने तिथे आग लावली आणि छत्तीस माणसे गेली. चित्र काढणारी माणसे. या व्यवसायात अनेकांना चित्रामागे मोजून पैसे मिळतात. या स्टुडिओची ओळख अशी, की तो आपल्या चित्रकारांना पगारावर ठेवतो आणि घरातच शिकवतो. अशी तयार झालेली फळी एका सकाळी गेली. त्यानंतर सहा वर्षांनी त्याच संस्थेने इतकी आनंदी मालिका काढली. मी मुलांना हे सांगितले तेव्हा दोघांनी घरी जाऊन ती पहिल्यापासून पाहायला घेतली. एकाने मात्र विचारले, 'सर, मग तुम्ही मालिकेला नंबर दिला की दुःखाला?' प्रश्न चोख होता. मी त्याला म्हटले, आग लागली नसती तरी मी हिला दुसराच क्रमांक दिला असता. खिडकीतली माणसे मोजून पाहा.

यातल्या दोघा-तिघांना याच व्यवसायात जायचे आहे, म्हणून दुसरी बाजूही सांगावी लागते. २०२३ साली 'जुजुत्सु कायसेन'च्या दुसऱ्या पर्वावर काम करणाऱ्या काही चित्रकारांनी वेळापत्रकाच्या जाचाबद्दल जाहीरपणे नाराजी मांडली होती. तेच पर्व आमच्या फळ्यावर पहिले आले होते. आपण ज्या तीस सेकंदांना दहापैकी दहा देतो ती कोणाच्या तरी झोपेतून कापलेली असू शकतात. गुण कमी करावेत असे मी म्हणत नाही. पण श्रेयनामावली पुढे ढकलायची नाही, एवढे मी वर्गात पाळायला लावले आहे.

आता ज्या मालिकेला मी क्रमांक दिला नाही तिच्याबद्दल. 'ताकोपीज ओरिजिनल सिन', ताकोपीचे आदिपाप. सहाच भाग, जूनच्या अखेरीस सुरू होऊन ऑगस्टच्या सुरुवातीला संपली. आनंदी ग्रहावरून आलेला एक गुलाबी, गुबगुबीत जीव. त्याच्याकडे नाना जादूच्या वस्तू. तो चौथीतल्या एका एकाकी मुलीला भेटतो आणि तिला सुखी करायचे ठरवतो. डोरेमॉनवर वाढलेल्या मुलांना वाटते, हे ओळखीचे आहे. पण त्या मुलीला वर्गात रोज छळले जाते, घरी आधार नाही, आणि ताकोपीला दुःख म्हणजे काय हेच ठाऊक नाही. त्याच्या एकेका वस्तूने गोष्ट अधिकच बिघडत जाते. पहिल्या भागाच्या शेवटी काय होते ते मी रेडिओवर सांगणार नाही. दिसायला ही लहान मुलांची मालिका आहे आणि लहान मुलांच्या हाती ती मुळीच देऊ नये, एवढे मात्र आईवडिलांना मुद्दाम सांगतो. गोंडस चेहरा पाहून मोबाइल पोराच्या हाती देऊ नका.

मोठ्या मुलांनी ती पाहिली होती. यादीच्या दिवशी प्रत्येकजण कागदावर क्रमांक आणि कारण लिहून देतो. अकरावीतल्या एका मुलीने ताकोपीला पहिला क्रमांक दिला होता आणि कारणाची जागा कोरी होती. ही मुलगी सहसा अर्धे पान कारण लिहिणारी. मुले ओरडली, 'सर, कारण नाही, नंबर कट!' नियमाप्रमाणे त्यांचे बरोबर होते. मी तो कागद घडी करून खिशात ठेवला, यादी पुढच्या रविवारवर ढकलली आणि वर्ग सुटल्यावर माझ्या पत्नीने तिला चहाला थांबवून घेतले. पुढचे बोलणे तिचे आहे, ते इथे सांगण्याचे नाही. एवढे सांगतो की ते आधी तिच्या घरी आणि मग तिच्या कॉलेजात बोलायला हवे होते आणि ते बोलले गेले. ती आता रविवारी येते, वादही घालते. ताकोपीचा क्रमांक फळ्यावर लागला नाही. काही चित्रे तोलायला नसतात, ती कोणाच्या हातात आहेत ते पाहायचे असते.

आणि पहिला क्रमांक? 'रुरी रॉक्स'. हे नाव ऐकून मुलांना वाटले मास्तर चेष्टा करताहेत. यात मारामारी नाही, भूत नाही, प्रेमही नाही. रुरी नावाची शाळकरी मुलगी. तिला चमचमणारे खडे हवेत आणि विकत घ्यायला पैसे नाहीत. डोंगरात तिला नागी भेटते, खनिजशास्त्रावर संशोधन करणारी विद्यार्थिनी. दोघी दगड शोधत हिंडतात. तेरा भाग दगड! पण पाहा कसे. ओढ्याच्या वळणावर पाण्याचा वेग कमी होतो, म्हणून जड कण तिथे बसतात, म्हणून सोने तिथे शोधायचे. वाळूत एखादा कण सापडला तर तो वरून कुठून आला हे ओढ्याच्या उलट्या दिशेने हुडकत जायचे. रुरीला खडा हवा असतो, तिला हळूहळू 'का' हा प्रश्न मिळतो. आणि स्टुडिओ बाइंडच्या चित्रकारांनी स्फटिकातून जाणारा उजेड, ओल्या दगडाचा रंग, सुकल्यावर होणारा त्याचा फिकटपणा असा काढला आहे की जलरंगाचा माझा एक पूर्ण धडा त्यावर झाला. इथे चित्रांचा खर्च कुठे केला आहे ते लगेच कळते. पाहण्यावर केला आहे. तान्ह्या पोळ्यातला चांद्या लावलेला नंदी तो हाच.

कारण वाचून दाखवले तरी मुले बधेनात. तेवढ्यात समुद्रपूरकडचा एक मुलगा म्हणाला, 'सर, आमच्या गिरडले असेच गोटे हायेत.' गिरड आपल्या जिल्ह्यातल्या पुष्कळांना ठाऊक आहे. टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा, दूरदूरचे हिंदू-मुसलमान भाविक. त्या टेकडीवर गोल गोल गोटे सापडतात, सुपारी-जायफळासारखे दिसणारे. गोष्ट अशी सांगतात की फिरत्या व्यापाऱ्यांनी बाबांची थट्टा केली आणि बाबांनी त्यांच्या मालाचे दगड केले. भूगर्भशास्त्राची गोष्ट वेगळी. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला. तो थिजताना आत वायूचे बुडबुडे अडकले. नंतर त्या पोकळ्यांमध्ये पाणी झिरपत राहिले आणि झिओलाइटसारखी खनिजे साठत गेली. भोवतीचा काळा दगड झिजला आणि आतले गोटे मोकळे झाले. सुपारीएवढ्या बुडबुड्याची सुपारीएवढी गोळी.

त्या मुलाने दोन्ही गोष्टी ऐकल्या आणि म्हणाला, 'म्हणजे माल बदलून दगड झाला, हे तं दोन्हीकडे खरंच हाय.' मी गप्प बसलो. पुढच्या रविवारी त्याने टेकडीवरच्या गोट्यांची सात रेखाटने आणली. गोटे आणले नाहीत. देवस्थानाच्या जागेतले उचलायचे नाहीत, हे त्याला घरूनच ठाऊक होते. पेन्सिलीची छाया इतकी नेमकी की मला हात लावायला जागा नव्हती. हाच मुलगा गेल्या वर्षी परीक्षेत स्थिरचित्राला कंटाळून मडक्याला दोन मिनिटांत काळे फासून उठला होता. 'रुरी रॉक्स' मुलांच्या यादीत नवव्यावरून चौथ्यावर आली. मला अजून तो चौथा क्रमांक मान्य नाही.

राहिला माझा तिसरा क्रमांक, 'द समर हिकारु डाइड'. ही भयकथा, म्हणून फक्त मोठ्या मुलांसाठी. डोंगराच्या कुशीतले एक खेडे. योशिकी आणि हिकारु लहानपणापासूनचे मित्र. हिकारु डोंगरात आठवडाभर हरवतो आणि परत येतो. काही महिन्यांनी योशिकीच्या लक्षात येते, की परत आलेला हा हिकारु नाही, त्याच्या रूपात दुसरेच काहीतरी आहे. आणि तरीही मित्र पुन्हा गमवायचा नाही म्हणून तो त्याला धरून ठेवतो. उन्हाची तिरीप, किड्यांची कर्कश किरकिर, दुकानापुढचा रिकामा रस्ता. एप्रिल-मेमधली आपली कोणतीही दुपार आठवा.

मुलांनी हिला सातवा क्रमांक दिला होता. कारण, 'समजते पण पोहोचत नाही'. याचा विचार करताना मला एक गोष्ट दिसली. मूळ मालिकेत ही मुले टोकियोची प्रमाण जपानी बोलत नाहीत. त्यांच्या तोंडी मिए प्रांताकडची बोली आहे. आपण ती इंग्रजी अक्षरे वाचत पाहतो, तेव्हा ते खेडे पुसले जाते. तशी जपानी ध्वनीशी वर्ध्याची जुनी ओळख आहे. १९३३ साली जपानी भिक्षू फुजी गुरुजी इथे गांधीजींना भेटले, गीताई मंदिराजवळचा विश्वशांती स्तूप त्यांच्याच परंपरेतला, आणि सेवाग्रामच्या सर्वधर्म प्रार्थनेची सुरुवात आजही जपानी बौद्ध मंत्राने होते. पण मंत्र वेगळा आणि मित्राशी मारलेल्या गप्पा वेगळ्या. क्रंचीरोलसारखे मंच हिंदी, तमिळ, तेलुगू आवाज देतात. 'इन्फिनिटी कॅसल'ही जपानी-इंग्रजीशिवाय याच तीन भाषांत आला. मोठ्या मुलांच्या या मालिकांत मराठी आवाज मला अजून भेटलेला नाही. मग वऱ्हाडी कुठून भेटणार?

म्हणून एका रविवारी दोन मोठ्या मुलांना पुढे बसवले. लॅपटॉपवर दोन मित्र उन्हात बसून बोलतात असा तुकडा लावला, आवाज बंद केला आणि सांगितले, घरी बोलता तसे बोला. अर्थ ठाऊक आहे, शब्द तुमचे. पहिल्यांदा नुसता हशा झाला. दुसऱ्या वेळी योशिकी झालेला मुलगा काही न बोलता पडद्याकडे पाहत राहिला. हिकारु झालेल्याने थोडे थांबून, अगदी हळू म्हटले, 'असा काहून पाह्यतं बे? मीच तं हाय.'

ओसरीवर कोणी हसले नाही. नववीतली दोन पोरे, ज्यांना मी बाहेर अंगणात चित्र काढायला बसवले होते, तीसुद्धा दारात येऊन उभी होती.

त्यानंतर मुलांनी हिकारुला सातव्यावरून दुसऱ्यावर आणले. फळ्यावरचे कारण त्यांनी वऱ्हाडीत लिहिले आहे. माझ्या यादीत ती तिसरीच आहे. 'सिटी'तल्या खिडक्या अजून कोणी मोजून आणलेल्या नाहीत.